डावं टोक रिकामं नाही

वेंडेल क्रुपा माणसं आकड्यांनी मोजत नसत, थापेनं मोजत. किकऑफची वेळ आली की ते मैदानाच्या कडेला पांढऱ्या पट्ट्याशी उभे राहायचे आणि आमच्या टोळीतला एकेक जण आत पळत निघाला की त्याच्या खांद्यावरच्या पॅडवर थाप मारून त्याचं नाव घ्यायचे. दहा नावं, दहा थापा. अकरावा मी. मला थाप नसे. मी किकर, म्हणजे बॉलला लाथ मारून खेळ सुरू करून देणारा, आणि क्रुपांचं मत असं होतं की किकरला हात लावला की तो बिघडतो.

दुसऱ्या टीम्समध्ये माणसं मोजायचं हे काम बोटांवर व्हायचं. क्रुपा म्हणायचे, बोटांवर मोजणाऱ्याचं लक्ष बोटांकडे असतं. नाव घेतलं की माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि डोळ्यांसमोर आलेला माणूस विसरला जात नाही. यातलं दुसरं वाक्य पुढे आम्हाला फार महागात पडलं.

क्रुपा असिस्टंट कोच होते. तरुणपणी असिस्टंट, मध्यमवयात असिस्टंट, आणि आता केस पांढरे झाले तरी असिस्टंट. अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये हेड कोचला काढलं की त्याच्याबरोबर त्याचे सगळे असिस्टंट जातात, घर विकलं की पडदे जातात तसे. पडद्यांनी काही चांगलं काम केलं होतं का, हे कोणी विचारत नाही. सीझन संपल्यानंतरचा सोमवार हा त्यासाठी ठरलेला वार. क्रुपा अशा सोमवारांमधून टाम्पाहून बफेलोला, बफेलोहून सिएटलला, आणि अशा बऱ्याच वळणांनी आमच्या टोलीडोला येऊन पोचले होते. त्यांची तीन मुलं तीन राज्यांत जन्मली. चौथ्याचा विषय निघाला तेव्हा डोरीनबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आता नकाशा पुरे म्हणून सांगितलं.

त्यांच्याकडे स्पेशल टीम्स हे खातं होतं. बॉल हातानं खेळायचा तेव्हा आमच्या डॉकर्स टीमकडे पोस्टरवर छापलेली माणसं होती. बॉल पायानं मारायची वेळ आली की उरलेली आम्ही. मी लाथ मारायची, बॉल लांब जाऊन पडायचा, समोरच्या टीमचा एक जण तो झेलून आमच्या दिशेनं पळत सुटायचा, आणि आमच्या दहा जणांनी धावत जाऊन त्याला आडवा करायचा. एवढंच काम. नीट झालं तर लोक तोवर हॉट डॉग आणायला गेलेले असतात. चुकलं तर परत आल्यावर त्यांना कळतं, आणि मग क्रुपांचं नाव पेपरात येतं. क्रुपांचं नाव पेपरात क्वचितच आलं होतं, आणि ह्याच गोष्टीचा त्यांना अभिमान होता. आयुष्यात एकदाही त्यांनी मैदानात एक माणूस कमी किंवा एक जास्त पाठवला नव्हता.

आता टिबो.

मर्लिन थिबोडो हे त्याचं पूर्ण नाव. लुइझियानाचा, दलदलीकडचा. आमच्या रांगेत तो डाव्या टोकाला, साइडलाइनला चिकटून उभा राहायचा. पोस्टरवर तो कधी आला नाही. स्टेडियमबाहेर त्याची जर्सी घातलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो टिबोचा चुलतभाऊ निघाला. पण बॉल घेऊन पळणाऱ्याला तो ज्या तऱ्हेनं पाडायचा ती तऱ्हा लीगमध्ये दुसऱ्या कोणाकडे नव्हती. अंगावर जाऊन आदळायचा नाही. खाली झोकून द्यायचा आणि दोन्ही घोटे मिठीत घ्यायचा, कामाला निघालेल्या बापाचे पाय लहान पोर धरतं तसे. बाप पडायचाच.

दर वर्षी जुलैअखेर सरावाचा कॅम्प सुरू व्हायचा तेव्हा टिबो घरून ट्रक चालवत यायचा. विमानानं यायचा नाही, कारण क्रुपांसाठी तो घरचं सॉसेज बर्फाच्या पेटीतून आणायचा आणि विमानात त्याला त्या पेटीची काळजी लागून राहायची. त्या जुलैत केंटकीतल्या एका पुलाअलीकडे पावसात त्याचा ट्रक घसरला. पेटीला काही झालं नाही. पोलिसांनी ती नीट पत्ता घालून आमच्याकडे पाठवून दिली. ते सॉसेज कोणी खाल्लं नाही आणि कोणाला टाकवलंही नाही.

सप्टेंबरमधल्या पहिल्या मॅचला मी बॉल स्टँडवर ठेवला, मागे आलो, हात वर केला आणि दोन्ही बाजूंना नजर टाकली. उजवीकडे पाच. डावीकडे चार. डावं टोक रिकामं.

शिट्टी झाली. शिट्टी झाल्यावर किकरनं विचार करायचा नसतो, त्यासाठीच तर किकर ठेवतात. मी लाथ मारली. समोरच्यानं बॉल झेलला, मान वर केली, त्याला मैदानाची एक अख्खी बाजू मोकळी दिसली, आणि लॉटरी लागलेल्या माणसासारखा तो तिकडे पळत सुटला. साधारण जिथं टिबोनं त्याला गाठलं असतं तिथं पोचल्यावर त्याचे घोटे एकमेकांना चिकटले आणि तो तोंडावर आपटला. उठून त्यानं मागे वळून पाहिलं. कोणीतरी पाडल्यावर माणूस ज्या रागानं पाहतो त्या रागानं पाहिलं, आणि मग तो राग कुठं ठेवावा हे त्याला समजेना. त्या दिवशीच्या अधिकृत आकडेवारीत त्याला पाडणाऱ्याच्या जागी कोणाचं नाव आलं नाही, नुसतं ‘टीम’ असं आलं.

मी बाहेर आलो आणि क्रुपांना सांगितलं की कोच, आपण दहाच होतो. ते म्हणाले, शक्य नाही, मी दहा थापा मारल्या. हे खरं होतं. थापा मीही ऐकल्या होत्या. अडचण एवढीच होती की हवेत मारलेल्या थापेचा आवाज येत नाही, आणि दहाव्या थापेचा आला होता. भरल्या पॅडवर पडावी तसा.

पुढच्या मॅचला मी मुद्दाम त्यांच्याजवळ रेंगाळलो. नऊ जण नऊ थापा खाऊन आत गेले. क्रुपांची नजर मैदानावर होती. हात सवयीनं वर गेला, हवेत थांबला, खाली आला, धप्प. “मर्लिन,” ते पुटपुटले, बाकीच्यांची नावं पुटपुटले होते तसेच. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही, पण आमचा पाणीवाला मला पाणी न देताच निघून गेला.

ऑक्टोबरात थंडी पडायला लागली तशी आणखी एक गोष्ट दिसायला लागली. रांगेत उभे राहिलो की प्रत्येकाच्या तोंडातून वाफ यायची. डाव्या टोकालाही यायची. माणसाच्या उंचीवर, लयीत, जरा घाईघाईनं, टिबोला शिट्टीआधी धाप लागायची तशी. खाली कोणी नसायचं.

आमच्या टोळीत ह्या विषयावर बोलायचं नाही असं न बोलताच ठरलं. ओफा लुआमानू नावाचा आमचा सामोअन गडी, जो दारातून आत आला की दाराला वाईट वाटायचं, तो डावीकडून दुसरा उभा राहायचा. त्यानं एकदाच मला म्हटलं, “शेजारी कोणी आहे ह्याचं मला काही नाही, भावा. पण तो मेल्यापासून माझ्याआधी पोचतो, हे बरोबर नाही.”

आमचे हेड कोच बार्ट रस्क होते. रस्कना मैदानात काय चाललंय ते दिसायला वेळ लागायचा, पण फिल्मवर सगळं दिसायचं. ऑक्टोबरच्या अखेरीस एकदा त्यांनी फिल्म थांबवली, पडद्यावर बोट टेकवून मोजलं, आणि सगळ्यांसमोर क्रुपांना म्हणाले की दहा माणसांत खेळणं हा दंडाचा गुन्हा नसला तरी अकलेचा आहे, आणि पुन्हा आकडा चुकला तर क्रुपांना सीझन संपायची वाट बघावी लागणार नाही. तोवर पडलेल्या त्या सगळ्या पळणाऱ्यांना कोणी पाडलं, हा प्रश्न कोणीच काढला नाही. आमच्या धंद्यात पडलेला माणूस पडला की विषय संपतो.

रस्कनी स्वतः उपाय काढला. डाव्या टोकाला बून पेटिग्रू नावाचा नेब्रास्काचा नवा खेळाडू नेमला. पोरगा प्रामाणिक. त्याला सांगितलं, तू तिथं उभा राहा, काही झालं तरी हलू नकोस. पुढच्या मॅचला क्रुपांनी बूनला थाप मारली, त्याचं नाव घेतलं. मी सुटकेचा श्वास सोडणार तेवढ्यात त्यांचा हात पुन्हा वर गेला. धप्प.

मी रांगेमागे जाऊन मोजलं. अकरा. तरी साइडलाइनवरच्या पंचानं बोट पुढे करून मोजलं, पुन्हा मोजलं, आणि खिशातला पिवळा झेंडा काढून मैदानात फेकला. बारा माणसं. दंड.

रस्क भडकले. त्यांनी मोज्यात खोचलेला लाल झेंडा काढून फेकला, म्हणजे निर्णय फिल्मवर तपासा. मुख्य पंच पडद्याशी गेले. बराच वेळ गेला. बाहेर आले तेव्हा त्यांनी टोपी सरळ केली, ती आधीच सरळ होती, आणि निर्णय कायम असल्याचं सगळ्या स्टेडियमला सांगितलं. रस्क त्यांच्या अंगावर धावले. पंचांनी माइक बंद केला आणि हळू आवाजात, फार सभ्यपणे सांगितलं, “सर, डाव्या टोकाला दोघं आहेत. दुसऱ्याचा नंबर मला वाचता आला नाही, कारण त्याच्यातून मागची टायरची जाहिरात दिसते.”

हे गृहस्थ पुढच्याच आठवड्यात निवृत्त झाले आणि मासे पकडायला गेले असं ऐकलं.

सोमवारी सगळे कोच फिल्म बघायला बसले. ऑफेन्सच्या कोचनी मोजलं, अकरा आले. डिफेन्सच्या कोचनी मोजलं, बारा आले. जागा बदलून मोजलं तर उत्तरं बदलली. कोणीतरी सरासरी काढू या म्हणालं. त्याला बाहेर पाठवण्यात आलं. शेवटी रस्कनी दिवे लावले आणि क्रुपांकडे वळून विचारलं की तो थिबोडो आहे ना. क्रुपांनी मान हलवली.

“मग काढ त्याला,” रस्क म्हणाले.

“बार्ट, त्याला काढणार कसं? तो मेलाय.”

“मेलाय ना? मग तू त्याला खेळवतोयस कशाला?”

रस्क काही वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, त्याच्याबद्दल मला आदर आहे, पण तो टीमच्या यादीत नाही, आणि यादीत नसलेला माणूस मैदानात असला की मी हरतो. एक तर तो जाईल, नाही तर तू. आमच्या वकिलांना विचारलं, तर त्यांनी कळवलं की मेलेल्या खेळाडूला काढण्याबद्दल खेळाडूंच्या युनियनच्या करारात काहीही म्हटलेलं नाही, तेव्हा हरकत घेणारं कोणी नाही.

खेळाडूला काढायची आमच्याकडे एक रीत आहे. कोच स्वतः येत नाही. पर्सोनेल खात्यातला एक माणूस सकाळी लॉकर रूममध्ये येतो, खेळाडूपाशी थांबतो आणि म्हणतो, कोचना भेटायचंय, प्लेबुक घेऊन ये. प्लेबुक, म्हणजे डावपेचांची वही, आता टॅब्लेटमध्ये असतं, पण शब्द तेच राहिलेत. तो माणूस दारात दिसला की जो तो बुटाची नाडी बांधायला लागतो. आमच्याकडच्या ह्या माणसाचं नाव नॉर्बर्ट फिंच. आम्ही त्याला यमदूत म्हणायचो. फार मऊ स्वभावाचा माणूस. घरी कुकीज भाजून आणायचा, आणि त्या कोणीही उचलायचं नाही, उगाच जवळीक नको म्हणून.

त्या सकाळी नॉर्बर्ट दारात आला. खोलीभर नाड्यांची सरसर झाली. तो बून पेटिग्रूच्या दिशेनं चालू लागला तेव्हा बूनचा चेहरा दुधासारखा झाला. नॉर्बर्ट त्याच्या खांद्याला जरा हात लावून पुढे गेला आणि शेजारच्या रिकाम्या कप्प्यासमोर थांबला. टिबोची पाटी कोणी काढली नव्हती. कप्प्यासमोर खुर्ची होती.

ओफा माझ्या कानाशी म्हणाला, “त्यानं उत्तर दिलं ना, तर मी उद्यापासून विमा विकतो.”

“मर्लिन,” नॉर्बर्ट म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीपेक्षाही मऊ होता, “कोचना भेटायचंय. प्लेबुक घेऊन ये.”

उत्तर आलं नाही. खुर्ची तेवढी मागे सरकली. थोडीच, उठताना माणसाच्या पोटऱ्यांनी सरकते तेवढी. नॉर्बर्टनं वाट दिली, मग तो मागोमाग निघाला. दार त्यानं नेहमीप्रमाणे धरून ठेवलं, आधी जाणाऱ्यासाठी.

पुढचं झालं तिथं मी असायला नको होतं, पण त्याच सकाळी क्रुपांनी मला माझ्या लाथांची फिल्म दाखवायला बोलावलं होतं. मी त्यांच्या खोलीत पोचलो तर नॉर्बर्ट दार उघडून उभा. मी पाऊल मागे घेतलं.

“लाथाड्या, बस,” क्रुपा मला म्हणाले. आपुलकी दाखवायची असली की ते मला ह्याच नावानं हाक मारायचे. “एकट्यानं मला जमायचं नाही.”

मी कोपऱ्यात फाइलींच्या कपाटाला टेकलो. नॉर्बर्टनं दार लावून घेतलं. खोलीत ओल्या गवताचा वास होता, नोव्हेंबरात, बंद खिडक्यांच्या आत. क्रुपांनी टेबलासमोरच्या खुर्चीकडे पाहिलं आणि ठरलेली वाक्यं सुरू केली. तू टीमसाठी पुष्कळ केलंस. हा निर्णय सोपा नव्हता. आज आम्हाला तुला सोडावं लागतंय. ही वाक्यं त्यांनी इतक्या शहरांत इतक्या पोरांना सांगितली होती की ती त्यांच्या तोंडून आपोआप येत होती. वास काही हलला नाही. मला थंडी वाजायला लागली. डावीकडून.

क्रुपा थांबले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे मी तुला जूनमध्येच सांगायला हवं होतं,” ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. टिबोला त्या वर्षी ठेवायचं नाही, हे रस्कनी जूनमध्येच ठरवलं होतं. फोन करायचं काम क्रुपांचं. त्यांनी फोन केलाही. टिबोनं उचलला आणि हॅलोच्या आधीच सॉसेजबद्दल बोलायला लागला. ह्या वर्षी मिरी जास्त घातलीय, डोरीनबाईंना चालेल का म्हणून विचारलं. क्रुपांना पुढचं बोलवेना. ते म्हणाले, चालेल, घेऊन ये. टिबोनं विचारलं, कोच, माझी जागा आहे ना? आणि क्रुपा म्हणाले, तुझी जागा कुठं जात नाही. मनात होतं की आठवडाभरानं नीट सांगू. मग पुढच्या आठवड्यात सांगू. मग जुलै संपला.

“मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर तू घरी असतास,” क्रुपा खुर्चीला म्हणाले. “शिव्या घातल्या असत्यास मला, पण घरी असतास. मी म्हटलं जागा कुठं जात नाही, आणि तू आपला येऊन ती धरून बसलास. तुझं काही चुकलं नाही, पोरा. मी जे सांगितलं तेच तू केलंस. नेहमीच केलंस. आता ऐक. इथली तुझी जागा गेली. मीच सांगतोय. जा, दुसरीकडे बघ. तुझ्यासारख्याला कोणीही घेईल.”

त्यांनी टेबलावरून हात पुढे केला. तो हात बराच वेळ तसाच राहिला. मग बोटं मिटली आणि हात एकदा वर-खाली झाला. तो त्यांनी स्वतः हलवला की कसा, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. दार उघडलं नाही, पडदे हलले नाहीत. फक्त गवताचा वास गेला, आणि खोलीत नुसता जुन्या कॉफीचा वास उरला.

क्रुपांनी चष्मा घातला आणि माझ्या लाथांची फिल्म लावली. माझा डावा पाय चुकीच्या जागी पडत होता.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं आणि ते फार वाईट होतं. दहा थापा, दहा नावं, अकरा माणसं, पंच खूश. बून पेटिग्रू सांगितल्याप्रमाणे उभा राहायचा, आणि आता पळायचं आहे हे त्याला कोणी सांगितलं नसल्यासारखा उभाच राहायचा. डाव्या बाजूनं लोक आमच्यात फिरायला आल्यासारखे पळू लागले. दोन मॅच आम्ही त्यामुळेच हरलो. क्रुपा खंगले. सरावात मधेच थांबून डाव्या टोकाकडे बघत राहायचे, आणि तिथं बून असायचा. बिचारा विचारायचा, कोच, काही चुकलं का. ते म्हणायचे, नाही रे, तुझं काय चुकणार.

शेवटची मॅच आमच्याच मैदानावर होती, ओमाहा ड्रोव्हर्सबरोबर. मालकांनी रस्कना स्वच्छ सांगितलं होतं की जिंकलात तर सगळे कोच राहतील, हरलात तर सोमवारी सगळे घरी. रस्क तरुण होते, त्यांना दुसरीकडे काम मिळालं असतं. क्रुपांच्या वयाच्या असिस्टंटला आता कोणी विचारणार नव्हतं, हे त्यांना आणि आम्हाला ठाऊक होतं. त्यात डोरीनबाईंनी त्या वसंतात टोलीडोच्या घरामागे सफरचंदाचं झाड लावलं होतं. इतक्या घरांत राहून त्यांनी आजवर कुंडीच्या पलीकडे काही लावलं नव्हतं. क्रुपांनी मला सांगितलं होतं, तिला एकदा तरी फळ धरेपर्यंत एका जागी राहायचंय, लाथाड्या, म्हणजे मला काही करून जिंकायला हवं.

दुपारची मॅच. सरोवरावरून वारा येत होता आणि लोकांनी पांघरुणं आणली होती. शेवटच्या टप्प्यात ओमाहानं चार गुणांची आघाडी घेतली आणि आता त्यांनी लाथ मारून बॉल आमच्याकडे द्यायचा होता. थोडाच वेळ उरला होता, पण आमच्या किटो वॉल्शला मोकळी वाट मिळाली तर एका धावेत मॅच आमची होती. किटो आमच्याकडचा सगळ्यात वेगवान माणूस. मी क्रुपांशेजारी उभा होतो, कारण अशा वेळी किकरला दुसरीकडे कोणी उभं करून घेत नाही.

किटोनं बॉल झेलला. मधे गर्दी झाली, तो त्यातून निसटला, वळला आणि आमच्या बाजूच्या साइडलाइनवर आला. ओमाहाच्या रांगेचं ते डावं टोक. समोर कोणी नव्हतं. एकही माणूस नव्हता. स्टेडियम उठून उभं राहिलं. किटो आमच्यासमोरून गेला तेव्हा त्याच्या बुटांनी उडवलेली माती माझ्या तोंडावर आली.

आणि त्याचे दोन्ही घोटे एकमेकांना चिकटले.

तो लांबवर घसरत जाऊन थांबला. उठून मागे पाहिलं, त्या पहिल्या माणसानं पाहिलं होतं तसंच. त्याच्या पायांशी, गवताच्या अगदी जवळ, एक वाफ निघाली. मग ती वर आली, माणूस उठताना येईल तशी, आणि माणसाच्या उंचीवर थांबून भरभर येऊ लागली. धाप लागल्यासारखी.

क्रुपांनी माझी बाही पकडली. सीझनभर त्यांनी मला हात लावला नव्हता.

कानावरच्या हेडसेटमधून रस्कचा आवाज इतका मोठा आला की मलाही ऐकू गेला. “वेंडेल, त्याच्यासमोर कोणीच नव्हतं. मग हा पडला कसा? किती होते त्यांचे? तू मोजलेस का?”

रस्क थोड्या अंतरावर वाकून उभे होते, हात मोज्यात, लाल झेंड्यावर. क्रुपांनी नुसतं ‘बारा’ म्हणायची खोटी होती. झेंडा पडला असता, पंच पडद्याशी गेले असते, आणि तिथं त्यांना काय दिसतं हे आम्ही एकदा पाहिलंच होतं. ओमाहाला दंड झाला असता, लाथ पुन्हा मारावी लागली असती, किटोला पुन्हा संधी मिळाली असती. आणि सोमवारी ओमाहातही कोणीतरी दिवे लावून आपल्या असिस्टंटला विचारलं असतं की यादीत नसलेला हा कोण आहे, आणि त्यांच्याकडचाही कोणी नॉर्बर्ट एका रिकाम्या कप्प्यासमोर जाऊन उभा राहिला असता.

क्रुपांनी मोजलं. ओमाहाच्या पोरांची नावं त्यांना येत नव्हती, म्हणून ओठ न हलवता मोजलं. वाफ आता ओमाहाच्या बाकाकडे निघाली होती, हलक्या धावेनं, काम झालेला खेळाडू बाहेर जातो तशी. त्यांच्यातला एक जण पळता पळता जरा बाजूला झाला, कोणाला तरी वाट दिल्यासारखा. त्याला स्वतःला ते कळलं नसावं.

“अकरा,” क्रुपा हेडसेटमध्ये म्हणाले.

“नक्की?”

“नक्की. अकराच आहेत, बार्ट. झेंडा टाकू नकोस.”

रस्कनी हात मोज्यातून बाहेर काढला. मोकळा. आमची पोस्टरवरची माणसं बॉल हातानं खेळायला मैदानात गेली, आणि ती काय करणार हे त्यांच्या चालण्यावरूनच दिसत होतं.

मी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हटलं, “कोच, बारा होते.”

“माहीत आहे.”

“मग उद्या आपण...”

“आज रविवार आहे. उद्या सोमवारच असणार, त्याला काय करायचं?” त्यांनी माझी बाही सोडली. ते समोरच्या बाकाकडे बघत होते, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचे खांदे खाली आलेले होते. “नवी जागा आहे त्याची, लाथाड्या. रुळू दे जरा.”